उद्याचा बेत इंग्रजीत सांगताना: ‘विल’, ‘गोइंग टू’ की नुसता वर्तमानकाळ?

शाळेत इंग्रजीचा भविष्यकाळ एका ओळीत संपतो: क्रियापदाच्या आधी ‘विल’ लावा. परीक्षेपुरतं ते भागतं. पण ‘रविवारी काय करताय?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर देतानाही ‘आय विल गो टू नाशिक’ हे वाक्य कानाला खटकतं, आणि का खटकतं ते शाळेत कुणी सांगितलेलं नसतं.

इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा स्वतःचा प्रत्यय नाही. ‘वर्क’चं वर्तमानात ‘वर्क्स’ होतं, भूतकाळात ‘वर्क्ड’ होतं, भविष्यासाठी मात्र रूप बदलत नाही. मग ते काम वर्तमानाची रूपं आणि ‘विल’सारखी सहायक क्रियापदं वाटून घेतात. म्हणून एकाच ‘उद्या’साठी चार-पाच रचना तयार असतात. त्यांतली कोणती घ्यायची हे उद्या किती लांब आहे यावर ठरत नाही. बेत सध्या कुठवर आलाय, यावर ठरतं. तेव्हा वाक्य उघडण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा: हे केव्हा ठरलं? आणि कुणी ठरवलं?

एकच प्रसंग घेऊ. दाढ दुखतेय, आणि शेजारचा सहकारी म्हणतो, डॉक्टरला दाखव. तुम्ही त्याच क्षणी ठरवता आणि म्हणता, ‘ओके, आय विल कॉल द डेंटिस्ट.’ निर्णय बोलता बोलता झाला, म्हणून ‘विल’. संध्याकाळी घरी सांगता, ‘आय अ‍ॅम गोइंग टू सी अ डेंटिस्ट धिस वीक.’ निर्णय आधीच झालाय, पण अजून तुमच्याच मनात आहे. दुसऱ्या दिवशी फोन करून वेळ घेतली की वाक्य बदलतं: ‘आय अ‍ॅम सीइंग द डेंटिस्ट ऑन थर्सडे अ‍ॅट फाइव्ह.’ आता बेतात दुसरा माणूस आला, वार आला, वेळ आली. आणि दवाखान्याची वेळ सांगायची तर ‘द क्लिनिक ओपन्स अ‍ॅट फाइव्ह’; ती तुम्ही ठरवलेली नाही, ती पाटीवर लिहिलेली आहे. दुखणं तेच, डॉक्टर तोच, तरी बेत जसजसा पक्का होत गेला तसतसं क्रियापद बदलत गेलं.

मराठी कुठे मदत करते आणि कुठे फसवते

मराठीत हे भेद बऱ्याच अंशी आधीच आहेत. ‘मी नाशिकला जातोय’ याला ‘आय अ‍ॅम गोइंग टू नाशिक’ जवळजवळ जसंच्या तसं बसतं. ‘मी गाडी विकणार आहे’ म्हणजे ‘आय अ‍ॅम गोइंग टू सेल द कार.’ ‘येईन मी’, ‘देईन तुला’, ‘पडेल बहुतेक पाऊस’ ही आश्वासनाची आणि अंदाजाची रूपं ‘विल’कडे जातात. म्हणजे ‘-तोय’, ‘-णार’ आणि ‘-ईन’ यांतलं कोणतं रूप तोंडात आलं याकडे लक्ष दिलंत, तरी अर्धं काम होतं.

फसगत होते ती ‘करतो’ या रूपाशी. ‘फोन करतो’, ‘चहा टाकते’, ‘बघतो’, ‘फाइल पाठवते’ ही वाक्यं मराठीत वर्तमानातली दिसतात, पण असतात ती आत्ताच घेतलेल्या निर्णयाची. ती जशीच्या तशी नेली की ‘आय सेंड द फाइल’ किंवा ‘आय अ‍ॅम सेंडिंग द फाइल’ तयार होतं. पहिल्याचा अर्थ होतो, फाइल पाठवणं हे माझं नेहमीचं काम आहे. दुसऱ्यातून ऐकणाऱ्याला वाटतं, फाइल आत्ता जातेच आहे, आणि तो मेल उघडून बसतो. तुम्हाला म्हणायचं असतं, ‘आय विल सेंड द फाइल.’

ओळखायची खूण सोपी आहे. वाक्याच्या आधी ‘बरं’ किंवा ‘थांब’ सहज बसत असेल, तर इंग्रजीत ‘विल’ येणार. ‘थांबा, मी दार उघडतो’: ‘वेट, आय विल ओपन द डोअर.’ ‘बरं, मी विचारून सांगते’: ‘ओके, आय विल आस्क अँड लेट यू नो.’ निघताना आपण ‘येतो हं’ म्हणतो; त्याचं ‘आय अ‍ॅम कमिंग’ करू नका, समोरचा बुचकळ्यात पडेल. तिथे ‘आय अ‍ॅम ऑफ, सी यू’ पुरे.

‘खिडकी उघडू का?’ हा प्रश्न मात्र ‘विल आय’ने विचारत नाहीत. त्यासाठी ‘शॅल आय ओपन द विंडो?’ असतं, आणि ‘जाऊ या का?’ला ‘शॅल वी गो?’. अमेरिकी माणूस अशा वेळी ‘शॅल आय’ऐवजी ‘शुड आय’ किंवा ‘डू यू वॉन्ट मी टू’ म्हणेल. ‘आय’ आणि ‘वी’पुढे नेहमी ‘शॅल’च हवं हा जुना नियम रोजच्या बोलण्यात कुणी पाळत नाही. ‘शॅल’ची दुसरी जिवंत जागा म्हणजे करारनामा. घरभाड्याच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये ‘द लायसन्सी शॅल पे’ असं वाचाल, तेव्हा तो भविष्यकाळ नसतो. ‘भरणं बंधनकारक आहे’ असा त्याचा अर्थ.

उच्चाराचंही एक सांगायला हवं. बोलताना ‘आय विल’ आखडून ‘आय्ल’ होतं. प्रत्येक वेळी ‘विल’वर जोर देऊन म्हटलंत, तर साध्या वाक्यातही हट्ट ऐकू येतो: करणार म्हणजे करणारच.

‘गोइंग टू’ की ‘-इंग’

या दोघांतला फरक बारीक आहे, पण चुका ठरावीक जागीच होतात. ‘-इंग’चं रूप घेण्याआधी पाहा, ही गोष्ट कॅलेंडरमध्ये वार-वेळेसकट टाकता येईल का? भेट, प्रवास, लग्न, मुलाखत, जेवणाचं आमंत्रण हे सगळं टाकता येतं. ‘वी आर मीटिंग द बिल्डर ऑन सॅटर्डे.’ ‘माय पेरेंट्स आर कमिंग ऑन द ट्वेंटिएथ.’ पण ‘वजन कमी करणार आहे’ हे कॅलेंडरमध्ये कसं टाकणार? तो मनातला निश्चय आहे, म्हणून ‘आय अ‍ॅम गोइंग टू लूज वेट.’ तिथे ‘आय अ‍ॅम लूजिंग वेट’ म्हटलंत तर अर्थच बदलतो: वजन सध्या उतरतंय. हीच अडचण वेळ न सांगितल्यानेही होते. ‘आय अ‍ॅम कुकिंग’ म्हणजे आत्ता गॅससमोर उभा आहे. ‘टुनाइट’ किंवा ‘ऑन संडे’ जोडलं, किंवा आधीच्या बोलण्यातून वेळ कळत असली, तरच तो पुढचा बेत होतो.

माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टींना ही ‘-इंग’ चालत नाही. ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ चूक, कारण पावसाशी कुणी वेळ ठरवलेली नाही. ढग दाटून आलेत, वारा सुटलाय, खूण डोळ्यांसमोर आहे: ‘इट इज गोइंग टू रेन.’ काहीच खूण नाही, फक्त तुमचं मत आहे: ‘आय थिंक इट विल रेन.’ ‘आय थिंक’, ‘प्रॉबेबली’, ‘आय अ‍ॅम शुअर’ यांच्या जोडीला ‘विल’ छान बसतं.

‘नो’, ‘वॉन्ट’, ‘नीड’, ‘बिलाँग’, ‘अंडरस्टँड’ अशा स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांनाही ‘-इंग’ लावून बेत सांगता येत नाही. निकाल शुक्रवारी कळेल, तर ‘आय विल नो द रिझल्ट ऑन फ्रायडे.’ ‘हॅव’चं तेवढं सांभाळा. मालकी सांगताना ते स्थिर असतं, म्हणून ‘आय अ‍ॅम हॅविंग टू कार्स’ चूक. पण कार्यक्रम करणं या अर्थी ‘वी आर हॅविंग अ पूजा ऑन संडे’ अगदी बरोबर.

आणखी एक घोळ ‘गोइंग टू’ या शब्दांचाच आहे. पुढे ठिकाण आलं तर ‘गोइंग’ हे खरोखरचं जाणं: ‘आय अ‍ॅम गोइंग टू सातारा.’ पुढे क्रियापद आलं तर जाण्याचा संबंध संपला, उरला तो इरादा: ‘आय अ‍ॅम गोइंग टू सेल द फ्लॅट.’ ते क्रियापद मूळ रूपातच हवं. ‘गोइंग टू सेलिंग’ नाही, आणि मधलं ‘अ‍ॅम’ गाळून ‘आय गोइंग टू सेल’ही नाही. बोलताना याचंच ‘गॉना’ होतं. ते कानाने ओळखा, पण ऑफिसच्या मेलमध्ये लिहू नका.

दोन्हींत अडखळलात, तर स्वतःच्या बेतासाठी ‘गोइंग टू’ घ्या. भेटीची वेळ ठरलेली असतानाही ‘आय अ‍ॅम गोइंग टू मीट हिम’ चुकत नाही. उलट दिशेने, निश्चयाला ‘-इंग’ लावलं तर चुकू शकतं.

साध्या वर्तमानाची जागा लहान आहे: गाड्या, विमानं, परीक्षा, सिनेमा, सत्राची सुरुवात. ‘द डेक्कन क्वीन लीव्ज पुणे अ‍ॅट सेव्हन फिफ्टीन.’ गाडीचं वेळापत्रक रेल्वेचं, म्हणून ‘लीव्ज’. त्या गाडीने जायचा बेत तुमचा, म्हणून ‘आय अ‍ॅम टेकिंग द डेक्कन क्वीन टुमॉरो.’ ‘आय मीट माय फ्रेंड टुमॉरो’ म्हटलंत की मित्राची भेट सरकारी दौऱ्यासारखी वाटते.

‘जेव्हा’ आणि ‘केव्हा’

मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत जास्त सापडणारी चूक बहुधा ही असावी: ‘आय विल कॉल यू व्हेन आय विल रीच.’ दोन्हीकडे ‘विल’. इंग्रजीत ‘विल’ मुख्य वाक्यात एकदाच येतं. वेळ किंवा अट सांगणारा भाग वर्तमानात राहतो: ‘आय विल कॉल यू व्हेन आय रीच.’ ‘व्हेन’बरोबरच ‘इफ’, ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘अंटिल’, ‘अनलेस’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ आणि ‘बाय द टाइम’ यांनाही हाच नियम.

गंमत म्हणजे मराठीही तिथे बऱ्याचदा भविष्यकाळ टाळते. आपण ‘पोचलो की फोन करतो’, ‘पाऊस पडला तर येणार नाही’ म्हणतो. ‘पोचेन की’ असं कुणी म्हणत नाही. तेव्हा मराठी वाक्यात ‘-ला की’, ‘-ला तर’, ‘-ल्यावर’ दिसलं की इंग्रजीत साधा वर्तमान घ्या: ‘इफ इट रेन्स’, ‘आफ्टर ही कम्स’. भूतकाळ मात्र उचलू नका. ‘इफ इट रेन्ड’ म्हटलं की पाऊस कल्पनेतला होतो, पडण्याची शक्यता फारशी नाही असं ध्वनित होतं. काम पुरतं संपण्यावर भर द्यायचा असेल तर ‘हॅव’ घ्या: ‘आय विल कॉल यू व्हेन आय हॅव फिनिश्ड’, म्हणजे ‘सगळं उरकलं की’.

मग ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ बरोबर कसं? तिथे ‘व्हेन’चा अर्थ ‘जेव्हा’ नसून ‘केव्हा’ आहे. ‘तो केव्हा येईल माहीत नाही’ या वाक्याच्या पोटात प्रश्न दडलाय, आणि प्रश्नात ‘विल’ राहतं. हीच कसोटी ‘इफ’ला लावा. ‘तर’ म्हणायचं असेल तर ‘विल’ नाही: ‘इफ ही कम्स, आय विल टेल हिम.’ ‘येईल की नाही’ म्हणायचं असेल तर ‘विल’ हवं: ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम.’ इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, पण मराठीत ते वेगळे आहेत. हा फायदा आपण घ्यायलाच हवा. ‘इफ यू विल वेट हियर’ असं विमानतळावर किंवा हॉटेलात ऐकाल, ते बरोबरच आहे. त्यातलं ‘विल’ तुमची तयारी विचारतं: जरा थांबाल का?

‘पर्यंत’चे दोन तुकडे

‘शुक्रवारपर्यंत देतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत पुण्यात आहे’ यांत मराठीला एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीला पुरत नाही. मुदतीच्या आत एकदा घडून जाणारी गोष्ट असेल तर ‘बाय’: ‘आय विल सेंड इट बाय फ्रायडे.’ त्या वेळेपर्यंत चालू राहणारी असेल तर ‘टिल’ किंवा ‘अंटिल’: ‘आय विल बी इन पुणे टिल फ्रायडे.’ ‘आय विल सेंड इट टिल फ्रायडे’ याचा अर्थ शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवतच राहीन असा होतो. मुदत येईल तेव्हा काम संपलेलं असेल असं ठासून सांगायचं असेल, तर ‘बाय’च्या जोडीला ‘विल हॅव’ आणा: ‘बाय फ्रायडे आय विल हॅव फिनिश्ड द ड्रॉइंग्ज.’

‘तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही’ यातला पहिला नकार इंग्रजीत नेऊ नका. ‘अंटिल’मध्ये तो आधीच आहे: ‘आय वोन्ट ईट अंटिल यू कम.’ आणि आजपासून मोजलेलं ‘दोन दिवसांनी’ सांगताना ‘आफ्टर टू डेज’ऐवजी ‘इन टू डेज’ म्हणा.

‘वुड’, ‘वोन्ट’ आणि ‘विल बी’

पत्रांत आणि निमंत्रणांत ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे’ असं सर्रास लिहिलं जातं, कारण ‘वुड’ अधिक नम्र वाटतं. ‘वुड यू प्लीज’ या विनंतीत ते नम्र आहेच. पण साध्या विधानात ‘वुड’ आलं की वाचणारा पुढच्या ‘जर’ची वाट पाहतो: सोमवारी झाली असती, पण? ठरलेल्या बैठकीला ‘विल बी हेल्ड’च. सूचना, परिपत्रकं, कार्यक्रमपत्रिका यांत ‘विल’ हेच औपचारिक रूप आहे, मग गोष्ट कितीही आधी ठरलेली असो: ‘द ऑफिस विल रिमेन क्लोज्ड ऑन 1 मे.’ बेत सांगताना ‘विल’ टाळा असं वर म्हटलं, ते बोलण्यापुरतं आणि घरगुती लिहिण्यापुरतं.

‘मी येणार नाही’चं ‘आय वोन्ट कम’ केलंत तर ते नकारासारखं लागतं: यायचंच नाही मला. ‘वोन्ट’मध्ये अडून बसण्याची छटा आहे, म्हणून तर बंद पडलेल्या स्कूटरलाही ‘इट वोन्ट स्टार्ट’ म्हणतात. जमत नाही एवढंच सांगायचं असेल तर ‘आय वोन्ट बी एबल टू कम’, किंवा सहज ‘आय अ‍ॅम नॉट कमिंग’.

‘विल बी’ आणि ‘-इंग’ मिळून होणारं रूप दोन ठिकाणी उपयोगी पडतं. एक, ठरावीक क्षणी काम चालू असणार आहे: ‘डोन्ट कॉल अ‍ॅट नाइन, आय विल बी ड्रायव्हिंग.’ दुसरी जागा फार कुणी शिकवत नाही. दुसऱ्याचा बेत विचारायचा आहे, पण त्याच्यावर भार टाकायचा नाही, तेव्हा हे रूप घ्या. ‘विल यू कम टुमॉरो?’ यात विनंती ऐकू येते. ‘विल यू बी कमिंग टुमॉरो?’ यात फक्त चौकशी आहे. वरिष्ठांना, पाहुण्यांना, ग्राहकांना विचारताना हेच बरं.

बारगळलेल्या बेताला ‘वॉज गोइंग टू’: ‘जाणार होतो’ म्हणजे ‘आय वॉज गोइंग टू गो.’ ‘करणारच होतो’ला ‘आय वॉज अबाउट टू’ आहे.

एक मेल ओळीओळीने

हे सगळं रजेच्या एका अर्जात कसं एकत्र येतं ते पाहा. मजकूर असा: ‘आय विल गो टू कोल्हापूर ऑन फ्रायडे फॉर माय सिस्टर्स मॅरेज. आय वुड बी बॅक ऑन मंडे. आय विल कम्प्लीट द रिपोर्ट टिल थर्सडे. इफ एनी अर्जंट वर्क विल कम, प्लीज कॉल मी. आय वोन्ट अटेंड द सॅटर्डे मीटिंग.’

पहिल्या वाक्यात दोन बेत एकमेकांत मिसळलेत. लग्न ठरलेलं आहे, रजा मात्र अजून मिळालेली नाही. ‘आय अ‍ॅम गोइंग’ लिहिलंत तर रजा गृहीत धरल्यासारखी होते. ‘आय विल गो’ने तर कोल्हापूरला जायचं आत्ताच डोक्यात आल्यासारखं वाटतं. दोन्ही वेगळे करा: ‘माय सिस्टर इज गेटिंग मॅरीड इन कोल्हापूर ऑन सॅटर्डे. मे आय टेक लीव्ह ऑन फ्रायडे अँड सॅटर्डे?’ ठरलेल्या लग्नाला ‘-इंग’, न मिळालेल्या रजेला विनंती. समारंभ म्हणायचं असेल तर ‘मॅरेज’पेक्षा ‘वेडिंग’ बरा.

परतीच्या वाक्यात ‘वुड’ जाऊन ‘आय विल बी बॅक ऑन मंडे.’ अहवालाच्या वाक्यात ‘विल’ बरोबरच होतं, कारण ते आश्वासन आहे. बिघडलं होतं ते ‘टिल’. ‘आय विल फिनिश द रिपोर्ट बाय थर्सडे.’ पुढे ‘बिफोर आय लीव्ह’ जोडलंत तर वाचणाऱ्याची काळजी मिटते, आणि तिथे ‘बिफोर’ असल्यामुळे ‘विल’ नाही. तातडीच्या कामाचं वाक्य: ‘इफ एनीथिंग अर्जंट कम्स अप, प्लीज कॉल मी.’ बैठकीबद्दल: ‘आय वोन्ट बी एबल टू अटेंड द सॅटर्डे मीटिंग.’

रजा मंजूर झाली की सहकाऱ्यांना कळवताना रूप बदलेल: ‘आय अ‍ॅम टेकिंग फ्रायडे अँड सॅटर्डे ऑफ.’ आता ते ठरलं. मेलच्या आपोआप जाणाऱ्या उत्तरात ‘आय अ‍ॅम आउट ऑफ ऑफिस अंटिल मंडे’ लिहायचं टाळा. सोमवार रजेत धरायचा की कामात, हे त्यातून कळत नाही, आणि सोमवारी सकाळी उत्तराची वाट पाहणारा माणूस मंगळवारपर्यंत थांबतो. ‘आय विल बी बॅक अ‍ॅट वर्क ऑन मंडे’ लिहिलं की प्रश्न उरत नाही.